पुढच्या ब्रेक डिस्क बदलायच्या की लेथवर मारायच्या?

प्रश्न खानापूरहून आलाय. डिझेल हॅचबॅक आहे, ७०,००० किलोमीटर झालेत आणि महिन्यातून दोन-तीनदा गोव्याची फेरी असते. चोर्ला उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, दोन्ही डिस्क आणि पॅड बदला. दुसरा म्हणाला, कशाला पैसे घालवताय, बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, डिस्क लेथवर मारून म्हणजे वरचा थर कापून सपाट करून घ्या, काम होऊन जाईल. कुणाचं ऐकायचं?

तूर्त कुणाचंच नाही. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी म्हणजे डिस्क आणि ब्रेक दाबला की तिला दोन्हीकडून आवळतात ते पॅड. तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय की दोघांपैकी एकानंही डिस्क मोजली नाही. डिस्कचा निकाल डोळ्यांनी किंवा बोट फिरवून लागत नाही. तो मायक्रोमीटर (जाडी बारीक मोजणारं हत्यार) आणि डायल गेज (फिरताना होणारी हालचाल मोजणारं घड्याळ) लावूनच लागतो. ही दोन्ही हत्यारं बेळगावात दुर्मिळ नाहीत. उद्यमबागेत ज्या शेडमध्ये लेथ आहे तिथं ती टेबलावरच पडलेली असतात.

त्याआधी थरथर नेमकी कुठली ते बघा. सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगात ब्रेक न दाबताही स्टिअरिंग हलत असेल तर तो चाकाच्या बॅलन्सिंगचा प्रकार आहे, डिस्कला हात लावायची गरज नाही. ब्रेक दाबल्यावरच हलत असेल तर पुढच्या डिस्कवर संशय. स्टिअरिंग शांत आहे, पण पेडल आणि सीट हलतेय, तर मागचे ड्रमही उघडून बघा. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखाद्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा शिकंजा, अडकलेला असू शकतो. आणि एकदम करकचून ब्रेक मारल्यावर पेडलमध्ये टक-टक-टक जाणवलं तर ते एबीएसचं, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं काम चाललंय, त्यात बिघाड काही नाही. आमच्याकडं येणाऱ्यांपैकी काहीजण याच टकटकीला घाबरून आलेले असतात.

दुसरी एक फसवी तक्रार पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातून येते. ‘चाकातून खर्र खर्र आवाज येतोय, डिस्क गेली बघा.’ डिस्कच्या मागं जो पातळ पत्रा असतो, त्यात आणि डिस्कमध्ये खडा अडकलेला असतो, नाहीतर तो पत्राच वाकून घासत असतो. खडा काढला, पत्रा हातानं मागं सारला की आवाज बंद. तसंच रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो. तो चार ब्रेकमध्ये पुसून जातो. गाडी महिनाभर एकाच जागी उभी राहिली असेल तर मात्र पॅडच्या मापाचा डाग डिस्कवर उठतो आणि तो कधीकधी जात नाही.

आता चाक काढून बघण्याकडं वळू. जागा सपाट आणि पक्की हवी, शेणानं सारवलेल्या अंगणात किंवा लाल मातीत जॅक लावू नका. मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, आणि जॅकवर उचलल्यावर खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात आत घालायचा नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्या.

चाक निघालं की आधी नुसतं बघा. डिस्कच्या बाहेरच्या कडेला कंगोरा आलाय का, पृष्ठभागावर नखाला लागतील अशा खोल खाचा आहेत का, निळसर-काळे डाग आहेत का, आणि केसासारख्या चिरा आहेत का. निळसर डाग म्हणजे डिस्क फार तापली होती. चीर कडेपर्यंत पोचली असेल तर पुढं मोजायचं कामच उरत नाही, डिस्क बाद. डिस्कची आतली बाजू बघायला बहुतेक जण विसरतात. बाहेरून चकचकीत दिसणारी डिस्क आतून पन्हाळीसारखी झिजलेली असू शकते. आरसा किंवा फोनचा कॅमेरा आत घालून बघा.

पॅडवरही बरंच काही वाचता येतं. पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, ३ मि.मी.च्या आसपास आला की नवे पॅड मागवायचे, २ च्या खाली चालवायचे नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतला आणि बाहेरचा पॅड सारखा झिजलाय का. आतला पातळ आणि बाहेरचा जाड असेल तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना जाम आहेत किंवा पॅडला ढकलणारा पिस्टन मागं येत नाही. आपल्या भागात हे फार बघायला मिळतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, त्यात लाल चिखल, आणि पुढं ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली माती. पिनेवरचं रबरी बूट जरा फाटलं की पाणी आत जातं आणि दोन पावसाळ्यांत पीन गंजून बसते. अशा गाडीला नवी डिस्क घातली तरी ती वर्षभरात जुन्या डिस्कच्या वाटेनं जाणार.

आता माप. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीच्या भागावर इंग्रजीत ‘मिन टीएच’ अशी अक्षरं आणि पुढं मि.मी.मध्ये आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो. वायर ब्रशनं गंज काढला की दिसतो. किमान जाडी म्हणतात ती हीच. याच्या खाली डिस्क वापरायची नाही, मग ती कितीही गुळगुळीत दिसो. छोट्या गाड्यांच्या हवेशीर, म्हणजे मधे हवा खेळायला पोकळी असलेल्या डिस्कमध्ये नव्या आणि किमान जाडीत साधारण दोन मि.मी.चाच फरक असतो. म्हणजे नवी २० असेल तर किमान १८ च्या आसपास. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या डिस्कवर आहे, तोच खरा.

इथं व्हर्नियर फसवतो. कडेला झिजेचा कंगोरा उभा असतो, व्हर्नियरचे जबडे त्या कंगोऱ्यावर बसतात आणि माप जाड दाखवतात. १७.८ ची डिस्क १९ दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. मायक्रोमीटर कंगोऱ्याच्या आत जातो, म्हणून तो वापरा. तो नसेलच तर एकाच मापाच्या दोन ड्रिलच्या दांड्या घ्या, समजा ६ मि.मी.च्या. एक बाहेरून, एक आतून, पॅड घासतो त्या पट्ट्यावर धरा, दोन्हींवरून व्हर्नियर लावा आणि आलेल्या मापातून १२ वजा करा. किमान जाडीचा अंदाज यायला एवढं पुरतं.

थरथरीचं कारण शोधायला मात्र हे पुरत नाही, कारण तिथं मि.मी.चा शंभरावा भाग मोजावा लागतो. कडेपासून साधारण १० मि.मी. आत, डिस्कभर आठ ठिकाणी मायक्रोमीटर लावून आकडे खडूनं डिस्कवरच लिहा. सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत पातळ जागेत ०.०२ मि.मी.पेक्षा जास्त फरक आला तर तीच तुमची थरथर. जाड जागा पॅडखाली आली की पिस्टन मागं ढकलला जातो, पातळ आली की पुढं येतो, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला हा धक्का स्टिअरिंगपर्यंत पोचतो.

‘डिस्क वाकली’ असं सगळे म्हणतात. डिस्क सीआयचं, म्हणजे बिडाचं कास्टिंग असते, ती पत्र्यासारखी सहज वाकत नाही. खरं कारण बहुतेकदा दोनांपैकी एक असतं. पहिलं म्हणजे पॅडच्या मसाल्याचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो. चोर्ला किंवा तवंदी घाट उतरून आलात, डिस्क तापून लाल व्हायच्या बेतात आहे, खाली थांबलात आणि पाय ब्रेकवर तसाच दाबून धरलात, की पॅडचा ठसा तिथं उमटतो. पुढं त्याच जागेवर उष्णता साचत जाते आणि ती जागा कडक होते. दुसरं कारण म्हणजे डिस्क हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्याला जोडतात त्या फिरत्या भागावर, सरळ बसलेली नसणं, आणि माझ्या मते आपल्याकडं हेच जास्त आहे.

हे जरा नीट सांगतो, कारण नवीन डिस्क घालूनही चार-सहा महिन्यांत थरथर परत का येते याचं उत्तर इथं आहे. डिस्क हबच्या सपाट तोंडावर टेकते. त्या तोंडावर आपल्या पावसात गंजाचे पापुद्रे चढतात. घाईतला माणूस जुनी डिस्क काढतो आणि नवी त्याच गंजावर चढवतो. पाटाखाली खडा आला की पाट डुगडुगतो, तसं डिस्कचं होतं. हबच्या तोंडावर ०.०५ मि.मी.चा पापुद्रा राहिला तर डिस्कच्या कडेला तो जवळजवळ दुप्पट होतो. पहिल्या दिवशी तुम्हाला काहीच जाणवत नाही, गाडी मस्त थांबते. पण ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कची तीच बाहेर आलेली बाजू दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते आणि तेवढ्याच जागी झिजते. पाच-दहा हजार किलोमीटरनंतर जाडीत फरक पडतो आणि थरथर सुरू होते. मग मालक म्हणतो, डिस्क डुप्लिकेट निघाली. डिस्क चांगलीच असते, हब घासलेला नसतो.

पंक्चरवाल्याकडची एअर गन हेच काम दुसऱ्या वाटेनं करते. एक नट प्रमाणाबाहेर आवळलेला, शेजारचा सैल. डिस्क एका अंगाला ओढली जाते. चाक बदलून आलात की घरी नट सैल करून पान्यानं फुलीच्या क्रमानं, म्हणजे समोरासमोरचे, परत आवळा.

ही वाकडी चाल मोजायला डायल गेज लागतो. डिस्क हबवर चाकाच्या नटांनी घट्ट करा, नटाखाली वॉशर घाला, गेजचं टोक कडेपासून १० मि.मी. आत टेकवा आणि डिस्क हातानं सावकाश फिरवा. बहुतेक गाड्यांची मर्यादा ०.०५ ते ०.१० मि.मी.च्या दरम्यान असते. जास्त आलं तर डिस्क काढून एक होल पुढं फिरवून बसवा आणि परत मोजा. वाकडेपणा डिस्कबरोबर फिरला तर दोष डिस्कचा, हबच्याच जागी राहिला तर हबचा किंवा बेअरिंगचा. बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते त्याआधी चाक वर-खाली हलवून बघायचंच.

आता लेथचा प्रश्न. लेथवर डिस्क मारणं चुकीचं नाही. बेळगावसारख्या फाउंड्रीच्या गावात तर ते काम हातचा मळ आहे, सीआय कापणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. पण अटी आहेत. मारून झाल्यावरची जाडी किमान जाडीच्या वर, तीही निदान अर्ध्या मि.मी.नं वर राहिली पाहिजे, कारण पुढच्या पॅडबरोबर ती आणखी झिजणार आहे. दुसरं, डिस्क तीन जबड्यांच्या चकात बाहेरून पकडून मारली तर उपयोग शून्य. ती हबवर जशी बसते तशीच, मधल्या भोकावर आणि टेकण्याच्या तोंडावर बसवून, दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये मारल्या पाहिजेत. एक बाजू मारून, डिस्क उलटी करून दुसरी मारली की दोन बाजू समांतर राहतील याची खात्री नाही. मारायला देताना हे स्पष्ट सांगा, आणि परत आल्यावर आठ जागी मोजूनच पैसे द्या. ७०,००० किलोमीटर चाललेल्या, घाटातल्या गाडीच्या डिस्कमध्ये एवढा माल सहसा शिल्लक नसतो. म्हणून माझा कल नव्या डिस्ककडं आहे. पण तुमची डिस्क अजून जाड निघाली तर लेथवाल्याचं म्हणणं बरोबर ठरेल.

नवी घ्यायची ठरली तर जोडीनं घ्या. एका बाजूची एकटी कधीच बदलायची नाही. नव्या डिस्कबरोबर पॅडही नवेच, कारण जुन्या पॅडला जुन्या डिस्कच्या खाचांचा आकार आलेला असतो. दुकानात जाताना गाडीचा चासी नंबर घेऊन जा. एकाच नावाच्या गाडीत वर्ष आणि मॉडेल बदललं की डिस्कचं माप बदलतं. काउंटरवर मराठीत बोला की कन्नडमध्ये, ‘अमक्या गाडीची डिस्क’ एवढंच सांगितलंत तर चुकीची पेटी हातात पडायची शक्यता आहे. पेटी उघडून किमान जाडीचा आकडा ओतलेला आहे का बघा. तो नसेल ती डिस्क परत द्या.

बसवण्याचं काम तसं अवघड नाही. स्टिअरिंग त्या बाजूला वळवा म्हणजे कॅलिपरच्या मागं हात जातो. पिनेचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलता येतो, पण डिस्क काढायला ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्टही काढावे लागतात. ते घट्ट असतात, लांब दांड्याचा पाना घ्या आणि गंज सुटायचं तेल अर्धा तास आधी मारून ठेवा. निघालेला कॅलिपर ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं स्प्रिंगला बांधून ठेवा. डिस्क हबला चिकटली असेल तर डिस्कमध्ये दोन आट्याची होलं आहेत का बघा. बऱ्याच जपानी-कोरियन गाड्यांत ८ मि.मी.ची असतात. त्यात दोन बोल्ट सारखे सारखे आवळत गेलात की डिस्क आपोआप सुटून येते. हातोड्यानं ठोकलेली डिस्क परत वापरायची नाही. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसा.

मग हब. वेळ इथं घालवा. वायर ब्रश, नंतर पॉलिश पेपर, आणि चाकाच्या स्टडच्या बुडाशी जो गोल कोपरा असतो तिथला गंज टोकदार हत्यारानं खरवडून काढा. बोट फिरवलं की लोखंड लागलं पाहिजे, खरखर लागता कामा नये. तोंडाला ग्रीस फासू नका, फासायचंच तर अगदी पुसट हात. नवी डिस्क पेटीतून येते तेव्हा तिच्यावर गंज न लागण्याचं तेल असतं. ते ब्रेक क्लीनरनं दोन्ही बाजूंनी धुवा, नंतर हाताच्या तेलकट बोटांनी पॅडचा पट्टा धरू नका. डिस्क बसवल्यावर परत डायल गेज. कॅलिपर चढवण्याआधी दहा मिनिटं यात गेली तर पुढचं डोकं दुखणं वाचतं.

पिना बाहेर काढून धुवा आणि सिलिकॉनचं ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पीन परत जाम. फाटलेली बुटं बदला, ती स्वस्त असतात. नवे पॅड जाड असल्यामुळं पिस्टन आत ढकलावा लागतो. तो हळू ढकला आणि वर ब्रेक ऑइलच्या डब्यावर लक्ष ठेवा, पातळी वर येते आणि ऑइल सांडलं तर रंग खातं. ऑइल काळपट झालं असेल किंवा दोन वर्षं बदललेलं नसेल तर याच वेळी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीचं नवं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑइलची हमी १५५ वर येते. घाटात पेडल एकाएकी मऊ पडून खाली जातं ते यामुळं. झाकणावर जे लिहिलंय तेच घाला, डॉट ५ हे वेगळ्या जातीचं आहे, ते मिसळायचं नाही.

बोल्ट टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं आवळा. छोट्या गाड्यांत ब्रॅकेटचे साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटर, पिनेचे २५ ते ३५, चाकाचे नट ८५ ते ११०. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पहिले दोन-तीन दाब रिकामे जातात, कारण पिस्टन मागं गेलेला असतो. हे विसरून गाडी रिव्हर्स घेणाऱ्यांनी गॅरेजच्या भिंती पाडल्यात.

डिस्क-पॅड बसवल्या दिवशी घाटात जाऊ नका. सकाळी लवकर मोकळा सरळ रस्ता बघा, मागं कुणी नाही याची खात्री करा. साठच्या वेगावरून पंधरापर्यंत मध्यम दाबानं आणा, परत वेग घ्या, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं थोडं अंतर सोडून. पूर्ण थांबायचं नाही. नंतर काही किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी थंड होऊ द्या. यामुळं पॅडचा थर डिस्कवर सगळीकडं सारखा बसतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळा, आणि शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट एकदा परत तपासा.

चोर्ल्याबद्दल एवढंच, की ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक वळणाआधी दाबायचा आणि सोडायचा. पाय सतत टेकवून ठेवलात तर दोन वळणांत वास येतो. खाली उतरल्यावर लगेच थांबू नका, दोन-तीन किलोमीटर निवांत चालवा. धबधब्याखाली किंवा ओढ्यात थांबून तापलेल्या चाकांवर पाणी मारू नका, चिरा तिथंच पडतात.

एवढं करूनही थरथर राहिली तर लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याचे रबर) आणि टाय रॉडची (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याची) टोकं बघा. ते सैल असले की डिस्कमधला बारीकसा दोषही स्टिअरिंगवर मोठा होऊन येतो. तुमच्याकडून मला दोन्ही डिस्कची आठ जागची मापं, किमान जाडीचा कोरलेला आकडा, डायल गेजचं रीडिंग आणि आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी एवढं कळवा. लेथ की नवी डिस्क, ते मग आकड्यावर सांगता येईल.